हात बसेपर्यंत : बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांची हस्तकला कार्यशाळा

नवीन व्यक्ती कार्यशाळेत आली की पहिले काही दिवस आम्ही तिला काही शिकवायला जात नाही. बसायला जागा देतो, समोर दोन-चार प्रकारचं सामान ठेवतो आणि बघत राहतो. कोणता हात आधी पुढे येतो, वस्तू चिमटीत धरली जाते की मुठीत, दुसरा हात कागद दाबून धरायला येतो का, एका जागी किती वेळ बसवतं, कुठल्या आवाजाने दचकायला होतं, ओलं-चिकट काही बोटांना लागलं तर चालतं का. फाइलमध्ये बुद्ध्यंक लिहिलेला असतो, पण कागदाला सरळ घडी घालता येईल की नाही हे त्यावरून कळत नाही. ते बघूनच कळतं.

घरच्यांना मात्र चार गोष्टी पहिल्याच दिवशी विचारून घ्याव्या लागतात. फिट येते का, शेवटची कधी आली, येण्याआधी काही चाहूल लागते का; बौद्धिक अक्षमता असलेल्यांपैकी साधारण पाचांतल्या एकाला अपस्मार असतो, म्हणून हा प्रश्न आधी. औषधं कोणती आणि किती वाजता; काहींना सकाळी गुंगी असते, फिटवरच्या व्हॅल्प्रोएटसारख्या औषधाने काहींचे हात थरथरतात, आणि मग बारीक काम दिवसाच्या कोणत्या वेळेला द्यायचं ते ठरवता येतं. डोळे आणि कान शेवटचे कधी तपासले. आणि वस्तू तोंडात घालायची सवय आहे का. असेल तर मणी, बटणं, मेणाचे तुकडे त्या टेबलावर येतच नाहीत.

समोरचा माणूस तीस-चाळीस-पन्नास वर्षांचा आहे, हे सामान निवडताना आणि बोलतानाही डोक्यात हवं. कार्टूनची चित्रं रंगवणं, चमकी चिकटवणं हे लहान मुलांचं काम झालं. चाळिशीतल्या बाईला ‘बाळा’ म्हणून हाक मारायची नाही. जी वस्तू दुसरा कोणी मोठा माणूस पैसे देऊन घेईल आणि वापरेल, तीच बनवायची.

काम निवडायचं त्या व्यक्तीने. बोलता येत नसलं तरी निवडता येतं. दोन ट्रे समोर ठेवायचे, एकात धागे, दुसऱ्यात कागद, आणि थांबायचं. नजर कुठे जाते, हात कुठे जातो ते बघायचं. पुढच्या वेळी ट्रेच्या जागा बदलून परत विचारायचं, कारण काहीजण नेहमी उजवीकडचीच वस्तू उचलतात. ट्रे ढकलून दिला तर तो नकार समजायचा आणि मानायचा.

सुरुवातीला आम्ही बहुतेकांना कागदी पिशवीवर घेतो. धारदार काही लागत नाही, तापवायचं नाही, चुकलं तर एक कागद जातो. २० सेंटीमीटर रुंद, २५ उंच आणि ८ खोल अशी पिशवी हवी असेल तर कागद ५८ × ३५ सेंटीमीटरचा लागतो. रुंदीत २० आणि ८ दोनदा, वर २ सेंटीमीटर जोडपट्टी. उंचीत २५, वरच्या कडेच्या दुमडीला ४, तळाला ६. कागद १०० ते १२० जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा. त्याहून पातळ घेतला तर ओल्या गोंदाने सुरकुततो, फार जाड घेतला तर घडी उसळते आणि गोंद सुकेपर्यंत दाबून धरावी लागते. कागदाला तंतूंची एक दिशा असते. दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. सहज वाकतो तेव्हा घडीची रेघ ज्या दिशेने पडेल ती तंतूंची दिशा. पिशवीच्या चार लांब घड्या उभ्या असतात, म्हणून तंतू उभे ठेवायचे. आडवे ठेवले की प्रत्येक घडीवर कागद तडकतो आणि दोष विनाकारण घडी घालणाऱ्याच्या हाताला लागतो.

मापं हा या कामातला मोठा अडसर. पट्टी वाचणं, खूण करणं, खुणेवर घडी घालणं यातलं काहीच अनेकांना जमत नाही आणि जमायची गरजही नाही. आम्ही लाकडाचा ठोकळा वापरतो. त्याच्या तळाची रुंदी आणि खोली पिशवीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी, उंची ३० सेंटीमीटर, कडा पॉलिश पेपरने किंचित मोडलेल्या. कागद ठोकळ्याभोवती गुंडाळला की चारही घड्या आपोआप जागेवर येतात. ठोकळा अगदी मापात केला तर पिशवी निघताना फाटते, म्हणून ते दोन-तीन मिलिमीटर सोडायचेच. टेबलावर एका फळीला काटकोनात दोन पट्ट्या ठोकलेल्या असतात. कागद त्या कोपऱ्यात सरकवायचा, अडला की जागेवर आला.

गोंदाचं गणितही असंच सोडवावं लागतं. पांढऱ्या गोंदाच्या दहा भागांत पाण्याचा एक भाग. जास्त पाणी घातलं की कागद फुगतो. सगळ्यात जास्त पिशव्या वाया जातात त्या गोंद जास्त झाल्याने. तो आत झिरपतो आणि पिशवी आतून चिकटून बसते. ‘थोडाच लाव’ असं दिवसभर सांगून काही होत नाही, कारण थोडा म्हणजे किती हे डोळ्यांना दिसत नाही. जाड प्लास्टिकच्या पत्र्याला दीड सेंटीमीटर रुंदीची लांब खिडकी कापायची, तो पत्रा कागदावर ठेवायचा आणि खिडकीतून गोंद फिरवायचा. तेवढ्याच रुंदीचा सपाट ब्रश द्यायचा, गोंद उथळ ताटलीत ओल्या स्पंजवर ओतायचा म्हणजे ब्रश बुडतच नाही. सुकताना आत प्लास्टिकचा तुकडा घालून वर वजन ठेवायचं, पंधरा-वीस मिनिटं. ज्यांना ओला गोंद सोसत नाही त्यांना लांब दांड्याचा ब्रश दिला की बरेचदा प्रश्न मिटतो.

आता शिकवणं. निदेशकाने आधी स्वतः पिशवी संथपणे करायची आणि सहकाऱ्याने प्रत्येक हालचाल लिहायची. आपल्याला जी एक पायरी वाटते ती बहुतेक वेळा चार-पाच असतात. ‘जोड चिकटव’ म्हणजे पत्रा ठेवणं, एका हाताने तो दाबून धरणं, दुसऱ्या हाताने ब्रश फिरवणं, पत्रा उचलून बाजूला ठेवणं, जोडपट्टीवर दुसरी कड आणून वरून खाली तळहात फिरवणं. माणूस अडतो तो या पाचांपैकी एकाच ठिकाणी. पायऱ्या लिहिलेल्या नसतील तर ‘याला पिशवी जमत नाही’ एवढंच हाती राहतं.

बहुतेकांना आम्ही शेवटून शिकवतो. बाकी सगळं निदेशक करतो आणि शेवटची पायरी, म्हणजे सुकलेली पिशवी ठोकळ्यावरून ओढून काढून डाव्या हाताच्या खोक्यात ठेवणं, ही शिकणारा करतो. ती पक्की झाली की तिच्या आधीची. फायदा असा, की पहिल्या दिवसापासून पिशवी पूर्ण होते ती त्याच्या हातून, आणि जी पायरी नवीन आहे तिच्यानंतरचं सगळं आधीच येत असतं. पहिल्या पायरीपासून सुरुवात केली की शिकणारा अर्धवट कागद पुढे सरकवत राहतो, आणि आपण नेमकं काय करतो आहोत हे त्याला कळायला फार उशीर लागतो.

मदत किती करायची याला उतरंड आहे. हात धरून करून घेणं, करून दाखवणं, बोटाने खुणावणं, आणि मग काहीच नाही. बसायचं शेजारी किंवा किंचित मागे. समोर बसलं की डावं-उजवं उलटं दिसतं. हात धरायचा तर मागून, आणि जोर कमी करत न्यायचा : आधी पंजावर, मग मनगटावर, मग कोपराला नुसता स्पर्श. प्रत्येक मदतीआधी पाच सेकंद थांबायचं. हे पाच सेकंद नव्या निदेशकाला सगळ्यात जड जातात. हात पुढे जातोच, आणि मग शिकणारा त्या हाताची वाट बघायला शिकतो. बोलायचंही कमी. एकाच वेळी बघायचं, ऐकायचं आणि हात चालवायचा हे पुष्कळांना झेपत नाही. अमेरिकेत मार्क गोल्ड यांनी १९७०च्या दशकात तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांना सायकलचा अनेक सुट्या भागांचा ब्रेक जोडायला शिकवला, तेव्हाही बोलणं कमीत कमी ठेवून, काम बारीक तुकड्यांत मांडूनच शिकवलं होतं. ‘शाब्बास’चा मारा करायचीही गरज नाही. जमलेली पिशवी खोक्यात पडते, ते त्याला दिसतं.

नोंदीसाठी एकच तक्ता पुरतो. उभ्या रांगेत पायऱ्या, वर तारखा, आणि प्रत्येक चौकटीत एक अक्षर : हा (हात धरून), दा (दाखवून), खु (खुणेने), स्व (स्वतः). एखाद्या पायरीवर ‘दा’ आठवडाभर हलत नसेल तर शिकवणं थांबवून मांडणी बघायची. आमचा यावर ठाम विश्वास आहे : काम अडलं तर आधी टेबल तपासायचं, माणूस नंतर. कागद उलटा ठेवला जातोय? मग दोन्ही बाजू सारख्या दिसत असणार, आतल्या कोपऱ्यात रंगाचा ठिपका द्या. ठोकळा घसरतोय? खाली रबरी चटई घाला. पूर्ण झालेल्या आणि व्हायच्या पिशव्यांची सरमिसळ होतेय? काम उजवीकडून येऊ द्या आणि डावीकडे जाऊ द्या, खोकी वेगळ्या रंगांची ठेवा. दहा मोजता येत नाहीत? फळीवर दहा चौकटी आखा, चौकटी भरल्या की एक गठ्ठा झाला. दोरीचे तुकडे सारखे हवेत? फळीवर दोन खुंट्या आणि कात्री जाईल अशी एक खाच.

मेणबत्तीत धोका खरा आहे, म्हणून तिथे कामाची वाटणी कडक. पॅराफिन मेण ५८ ते ६० अंश सेल्सिअसला वितळणारं घ्यायचं, एका किलोला १०० ग्रॅम स्टिअरिक ॲसिड; त्याने मेणबत्ती कडक होते आणि साच्यातून सुटते. मोजायला आकड्यांचा काटा नको, दोन पारड्यांचा तराजू हवा. एका पारड्यात शिवून ठेवलेली वजनाची पिशवी, दुसऱ्यात मेण. पारडी समान झाली की थांबायचं. हे काम अंक न ओळखणारेही अचूक करतात. मेण कधीही थेट आचेवर ठेवायचं नाही, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचं. पाणी आटत नाही ना, यावर नजर ठेवायची आणि मेणात पाण्याचा थेंबही पडू द्यायचा नाही, तडतडून उडतं. घट्ट बसणारं झाकण हाताशी असतं. मेण पेटलं तर आच बंद करून झाकण ठेवायचं. पाणी ओतलं तर आगीचा भडका उडतो. अंगावर मेण सांडलं तर वीस मिनिटं वाहतं पाणी, चिकटलेलं मेण ओढून काढायचं नाही.

ज्यांना फिट येतात त्यांना वितळलेल्या मेणाजवळ बसवत नाही. त्यांच्यासाठी वात कापणं, साचे बांधणं, तयार मेणबत्तीची कड तासणं, बूड गरम तव्याऐवजी पॉलिश पेपरवर घासून सपाट करणं ही कामं आहेत आणि तीही मेणबत्तीच्या दर्जाला तेवढीच लागतात. खुर्ची हातांची, उंच स्टूल नाही. फिट आलीच तर वेळ बघायची, डोक्याखाली मऊ काही, भोवतीचं सामान दूर, झटके थांबले की कुशीवर; तोंडात काही घालायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका.

ओतायचं काम ज्यांना द्यायचं त्यांचा सराव आधी थंड पाण्याने, साच्यावरच्या रेघेपर्यंत. जग अर्धाच भरायचा, साचे खोल ट्रेमध्ये, पायात बंद बूट, अंगात सुती एप्रन. थर्मामीटर काट्याचा आणि त्याच्या तबकडीवर ८० अंशांच्या आसपास हिरवी पट्टी. काटा हिरव्यात आला की निदेशकाला हाक. मेण फार गार झालं असताना ओतलं तर मेणबत्तीवर आडव्या वळ्या पडतात. फार गरम ओतलं तर मधला खड्डा खोल होतो. खड्डा पडणारच, कारण मेण गार होताना आक्रसतं. वर साय धरली की वातीजवळ सुईने भोकं पाडायची आणि पाच अंश जास्त गरम मेण दुसऱ्यांदा ओतायचं, पहिल्या पातळीच्या किंचित खालीच थांबून. वर गेलं तर कडेला सांधा दिसतो. वात मध्यभागी नसेल तर मेणबत्ती एका बाजूने वितळून वाहते. त्यावर उपाय म्हणजे साच्यावर ठेवायची मधोमध खाच असलेली पट्टी. वात खाचेत बसली की मध्यावर आलीच.

विणकाम आम्हाला या सगळ्यांत जास्त जवळचं आहे. भोकं आणि फटी असलेली फणी वर उचलली की एकाआड एक ताणे (उभे धागे) वर येतात, खाली दाबली की उरलेले. वरच्या आणि खालच्या ताण्यांमधल्या मोकळ्या जागेतून धोटा (आडवा धागा गुंडाळलेली पट्टी) जातो. अडचण येते ती ‘आता वर की खाली?’ या प्रश्नाची, विशेषतः मध्येच कोणी उठून गेलं आणि परत आलं की. याचं उत्तर मागावरच ठेवता येतं. धोटा डावीकडे असेल तर फणी वर, उजवीकडे असेल तर खाली. मागाच्या डाव्या बाजूला आणि फणीच्या वरच्या खाचेला लाल चिकटपट्टी, उजव्या बाजूला आणि खालच्या खाचेला निळी. धोटा लाल बाजूला पडला आहे, तर फणी लाल खाचेत. मग लक्षात ठेवायला काही उरत नाही, आणि कोणी पाणी प्यायला जाऊन आलं तरी कापड बिघडत नाही.

दुसरा नेहमीचा दोष म्हणजे कापड मधून आवळत जाणं. बाणा (आडवा धागा) सरळ आणि ताणून टाकला की कडा आत ओढल्या जातात, शेवटी काठचे ताणे तुटतात. बाणा तिरका टाकायचा, कमानीसारखा सैल ठेवायचा आणि मगच फणीने ठोकायचा. हे हाताला कळेपर्यंत दोन्ही टोकांना टोचण्या असलेली पट्टी कापडाला लावून रुंदी धरून ठेवावी. काठाचे दोन-दोन ताणे गडद रंगाचे घेतले तर धोटा काठ सोडून मधूनच वळला हे लगेच दिसतं.

मात्र प्रत्येक चूक दुरुस्त करायची नसते. जपानच्या मिसाओ जो यांनी रुजवलेल्या साओरी विणकामात सुटलेला ताणा, मध्येच बदललेला रंग, वेडीवाकडी कड हा कापडाचा गुण धरतात, आणि त्या मागांवर अपंगत्व असलेली असंख्य माणसं विणतात. पिशवी वाकडी असून चालत नाही, त्यात सामान घालायचं असतं. गळपट्ट्याला ती सक्ती नाही. काही माणसांच्या हातांना तर ठरलेली वस्तू नकोच असते. ज्युडिथ स्कॉट या डाउन सिंड्रोम असलेल्या, ऐकू न येणाऱ्या बाई १९८७ मध्ये अमेरिकेतल्या ओकलंडच्या क्रिएटिव्ह ग्रोथ या कलाकेंद्रात आल्या तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या होत्या. सुरुवातीचा बराच काळ त्या कशातच रमल्या नाहीत. मग धाग्यांच्या वर्गात त्यांनी वस्तू धाग्यांनी गुंडाळायला सुरुवात केली आणि २००५ मध्ये वारल्या तोवर तेच केलं. ती शिल्पं आज मोठ्या संग्रहालयांत आहेत. म्हणून सगळ्यांना पिशवीवर बसवण्याआधी धाग्यांचा ट्रे तसाच मोकळा ठेवणं गरजेचं वाटतं, त्यातून ‘काही उपयोगाचं’ होत नसलं तरी.

एक गोष्ट मात्र आम्हाला मुळीच मान्य नाही : मंडळी घरी गेल्यावर निदेशकांनी बसून वस्तू नीटनेटक्या करणं. असं केलं की वस्तू बनवणाऱ्याची राहत नाही, गिऱ्हाईक फसतं आणि मांडणीतला दोष कायम झाकला जातो. कडा सरळ कापल्या जात नसतील तर वस्तूच अशी आखा की सरळ कड लागणार नाही. फाडलेल्या कडेचा कागद देखणा दिसतो. तपासणीही बनवणाऱ्यानेच करायची. पिशवीच्या मापाची एक चौकट ठेवावी. त्यातून पिशवी सरकली आणि हलली नाही तर पास, अडकली किंवा आत लुडबुडली तर बाजूच्या खोक्यात. पास-नापास कोणी दुसऱ्याने ठरवायचं राहत नाही.

पैसे ज्याचे त्याच्या हातात, ठरलेल्या दिवशी, पाकिटावर त्याच्या कामाचं चित्र. एका वस्तूवर चौघांचे हात लागले असतील तर पायऱ्यांना लागणाऱ्या वेळेच्या प्रमाणात वाटणी. मागणी घेताना नेहमीच्या वेगाच्या निम्माच हिशोब धरावा. आजारपण आणि वाईट दिवस धरूनही काम वेळेत होतं आणि कोणाच्या मागे ‘लवकर, लवकर’ लागावं लागत नाही. घाई झाली की सगळ्यात आधी निदेशकाचे ते पाच सेकंद जातात.

वय वाढतं तसं कामही बदलतं. डाउन सिंड्रोम असलेल्यांत चाळिशीनंतर अल्झायमर लवकर दिसू लागतो. थायरॉइड कमी काम करणं, मोतीबिंदू, ऐकू कमी येणं हेही त्यांच्यात जास्त असतं. बरीच वर्षं सफाईने विणणारी व्यक्ती फणी विसरू लागली तर ती आळशी झाली किंवा हट्टाला पेटली असं समजायचं नाही. आधी डोळे, कान, थायरॉइड. या गोष्टी बऱ्याच वेळा सुधारता येतात. डॉक्टरकडे जाताना पायऱ्यांच्या तक्त्याची मागच्या वर्षाची आणि आत्ताची प्रत द्यायची. ‘हल्ली विसरतात’ यापेक्षा सातव्या पायरीवर ‘स्व’ होतं ते मार्चपासून ‘खु’ आणि जूनपासून ‘दा’ झालं, हे डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतं. कार्यशाळेतही त्या तक्त्यावरूनच पुढचं ठरतं : ज्या पायऱ्या अजून ‘स्व’ आहेत त्या त्यांच्याकडे ठेवायच्या, बाकीच्या शेजारच्याने घ्यायच्या, आणि बसायची जागा बदलायची नाही.